दाढ, भरती आणि बायचं ऑपरेशन

माझे सासरे म्हणायचे, कोकणातलो माणूस मुंबईक जाता तो पोटासाठी, नायतर दुखण्यासाठी. आमच्या घरातून पोटासाठी कोणी गेलं नाही. देवबागला एका बाजूने कर्ली नदी, दुसऱ्या बाजूने समुद्र आणि मध्ये वाळूची पट्टी. तिच्यावर माडांत घर, पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या आणि नवऱ्याची होडी. एवढ्यात भागतं. दुखण्यासाठी मात्र जावं लागलं.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. घरात तिला सगळे बायच म्हणतात, इथेही तेच म्हणते. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. 2013 पासून चालू असलेला हा कार्यक्रम मला वजन-उंचीच्या तक्त्यापुरताच ठाऊक होता. त्या खेपेला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बायच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग ओरोसला जिल्हा रुग्णालयात टू-डी इको झाला आणि कागदावर तीन अक्षरं आली, एएसडी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. डावीकडचं शुद्ध रक्त त्यातून परत उजवीकडे येतं, आणि उजव्या बाजूला नि फुप्फुसांना फुकटचं जादा काम पडतं. महिन्याआड सर्दी, खाल्लेलं अंगाला लागत नाही, लंगडी खेळताना दोन उड्यांत खाली बसते, ह्या सगळ्याचं मूळ तिथे होतं.

हल्ली अशी बरीच भोकं मांडीच्या शिरेतून तार घालून बुजवतात. आत छत्रीसारखं काहीतरी उघडतात, छाती कापावी लागत नाही. ओरोसला आम्हाला हीच आशा लावली होती. पण छत्री टेकायला भोकाभोवती कड लागते, आणि बायच्या भोकाला एका अंगाला कडच नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून ते दाखवलं. मला काही कळलं नाही. नवऱ्याला कळलं, तो गप्प झाला. तारीख मिळाली आषाढातली. एका परीने बरंच होतं. जून-जुलै मासेमारी बंदी, समुद्र खवळलेला, पर्यटक नाहीत, दोघेही मोकळे.

रविवार

सकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावकर उभे राहिले, नारळ ठेवला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक जसा नेतास तसाच सुखरूप घराक हाड रे म्हाराजा," आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" बाय सगळ्यांत मोठ्याने. तिला वाटत होतं, दुसऱ्या कोणाचं तरी गाऱ्हाणं आहे.

सामानात कपड्यांची पिशवी एक आणि कागदांची पिशवी एक. दुसरी जास्त जड. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला, जुने-नवे इको, एक्स-रे, ओरोसचं पत्र, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी एक सांगते. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रेल्वेच्या तिकिटावर 75 टक्के सवलत असते. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला आणायचा आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं. आम्हाला हे कुडाळच्या खिडकीवर रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं. सगळी कागदपत्रं हातात असूनही दुसऱ्या कोणी हा विषय काढला नव्हता.

मालवणहून एसटीने कुडाळ. पाऊस असा की खिडकीच्या कडेने पाणी आत. बायला सर्दी झाली तर तारीख पुढे जाणार हे डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, त्यामुळे तिच्या डोक्याला रुमाल, वर कानटोपी, वर माझी ओढणी. समोरच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "चेडवाक ताप इलो काय?" नाही म्हटलं, येऊ नये म्हणून.

संध्याकाळची तुतारी. सावंतवाडीहून सुटते आणि दादरला संपते, परळला जाणाऱ्याला याहून सोयीची गाडी नाही. निघायच्या आधी सासूबाई लहानपणच्या आगबोटीची गोष्ट सांगत बसल्या होत्या. मालवणच्या धक्क्यावरून पडावात बसायचं, बोट बाहेर खोल पाण्यात उभी, उलट्या करत मुंबई. कोकण रेल्वे पूर्ण चालू झाली 1998 साली. तोवर आमच्या माणसांना पावसाळ्यात दुखणं झालं तर रातराणी आणि घाट. हे माहीत असलं की गाडी उशिरा आली म्हणून कुरकुर करायला तोंड राहत नाही. तरी मी केली.

पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश जाते. बाय झोपली. रत्नागिरी मागे पडल्यावर एका बोगद्याच्या तोंडाशी गाडीचा वेग आणखी उतरला, आणि कडेला प्लास्टिकची खोळ पांघरलेला एक माणूस हातात दिवा धरून उभा दिसला. दरड आली का, पाणी साठलं का, हे बघत हे लोक पावसात रात्रभर रुळांवरून चालतात. नवरा बराच वेळ मागे वळून बघत होता. मग म्हणाला, "ह्येंका दर्यावर धाडला तर होडयेक भियाचे नाय."

सोमवार

दादरला उतरून टॅक्सी. हॉस्पिटल परळच्या बाजूला. परळ म्हणजे दवाखान्यांचंच गाव. केईएम 1926 सालचं, लहान मुलांचं वाडिया 1929 चं, टाटा 1941 चं, आणि मधल्या गल्ल्यांत औषधाची दुकानं, झेरॉक्सवाले नि फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहिलेले कुठकुठले लोक. आम्ही त्या मानाने श्रीमंत, आम्हाला खोली होती.

खोली गावाच्या मंडळाची. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळमध्ये कोकणातल्या गावागावांनी अशा खोल्या धरून ठेवल्या होत्या. बायकापोरं गावी, आणि इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, खोल्या काही सुटल्या काही राहिल्या. आमची राहिली, पण चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आहे, आणि गावची खोली आता चौदाव्या मजल्यावर आहे. लोखंडी ट्रंका मात्र त्याच, वर नावं रंगवलेल्या. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

बाय लिफ्टमध्ये पहिल्यांदाच बसली. वर पोचल्यावर खिडकीशी गेली आणि विचारलं, "दर्या खंय?" समोर गिरणीची एक जुनी चिमणी होती, तिच्यापलीकडे दुसरा टॉवर. समुद्र नव्हता.

दुपारी हॉस्पिटलात नोंदणी, रक्त, ईसीजी, एक्स-रे. योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्र मुलगा चिपळूणकडचा निघाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण मंजुरी ऑनलाइन यावी लागते, ती आल्याशिवाय ऑपरेशन नाही. रेशनकार्डावर बायचं नाव आहे ना, एवढंच त्याने दोनदा तपासलं. ते होतं. पुढचं सोपं गेलं.

मंगळवार

ह्या दिवसाबद्दल मी सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण ह्या दिवसाची कल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती.

हृदयाच्या ऑपरेशनआधी दात तपासतात. मला आधी वाटलं, चुकीच्या खोलीत आलो. दातांच्या डॉक्टरांनी समजावलं. किडलेल्या दातातले जंतू रक्तात उतरतात आणि हृदयात जाऊन बसू शकतात, नुकतं शिवलेलं हृदय असेल तर जास्तच. म्हणून तोंड साफ असल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर सही करत नाहीत. बायने तोंड उघडलं. खालच्या उजव्या बाजूची दुधाची दाढ आतून काळी. काढावी लागेल. आणि काढली की जखम भरेपर्यंत ऑपरेशन नाही.

नवरा म्हणाला, "हृदयासाठी आणली आणि तुमी दाढ काढतास?" डॉक्टरांना हे वाक्य रोज ऐकायची सवय असावी. ते हसले, आणि बायलाच विचारलं, "काय, काढूया?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "दुखतला?" "टोचेल, मग कळणार नाही." "खोटा सांगतास." "थोडं खोटं." एवढ्यावर तिचा त्यांच्यावर विश्वास बसला. मोठ्या माणसांत हा प्रकार चालत नाही, लहान मुलांत चालतो.

इंजेक्शनला तिने खुर्चीचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. दाढ निघाली तेव्हा टक् असा आवाज आला, तो मला ऐकू आला. मग ती रडली ते रडलीच. जिन्यात, रस्त्यावर, लिफ्टमध्ये, चौदाव्या मजल्यावर. पुढे एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण ह्या मुलीला विचाराल तर मुंबईत तिची दाढ काढली, बाकी किरकोळ.

दाढ तिने मागून घेतली. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर टाकतात. टॉवरला कौलं कुठली? गच्चीला कुलूप. शेवटी कंपासपेटीत खोडरबराच्या शेजारी दाढ गेली, घरी नेऊन टाकायची म्हणून.

तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची मिळाली. आता गावी परत जायचं की इथेच राहायचं? पावसात आणखी दोनदा गाडी म्हणजे सर्दीला आमंत्रण. राहिलो.

मधले दिवस

डॉक्टरांचा हुकूम, गर्दीत न्यायची नाही. म्हणजे राणीची बाग नाही, पेंग्विन नाहीत, चौपाटी नाही. मुंबईला जाऊन मुंबई न दाखवणं ही एक शिक्षाच. बाय खिडकीत बसून खालच्या बसेस मोजायची. मी ट्रंका पुसल्या, भांडी घासली, भिंतीवरच्या मंडळाच्या जुन्या फोटोंतल्या माणसांना नावं विचारली.

चुलत जाऊ काळाचौकीला राहते. ती रोज संध्याकाळी यायची, उकड्या तांदळाची पेज, कधी कुळथाची पिठी घेऊन. दीप अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने सुरमई आणली. बाजारातली सुरमई बघून नवऱ्याने नाक मुरडलं, कल्ले उघडून बघितले, "बर्फातली गो," म्हणाला, आणि चार तुकड्या खाल्ल्या.

एक संध्याकाळ पाऊस थांबला आणि आम्ही बायला खाली गल्लीत नेलं, तोंडाला मास्क लावून. मांडव घातलेल्या कारखान्यात गणपतींची कामं चालू होती. एवढे मोठे गणपती तिने पाहिलेच नव्हते. आमच्याकडे शाळेत चित्रकलेचे गुरुजी पाटावर मावेल असा करतात. इथे एक माणूस शिडीवर चढून सोंडेवरून हात फिरवत होता. सगळे पांढरे, डोळे नसलेले. बायने विचारलं, "ह्येंका दिसणा नाय?" शिडीवरचा म्हणाला, "डोळे शेवटी. आधी काढले तर आमच्या कामावर नजर ठेवतील ना."

नवऱ्याचं मात्र अवघड झालं. ज्याला उजाडल्यापासून हाताला काम लागतं त्याला चौदाव्या मजल्यावर बसवून ठेवलं की तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. सकाळी पेपर आला की आधी भरतीची वेळ बघायचा आणि स्वतःच्या हिशोबाशी ताडायचा. आमच्याकडचा हिशोब असा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमीला सहा. पेपरातल्या आकड्यात आणि त्याच्यात दहा-बारा मिनिटांचा फरक निघायचा. फरक निघाला की पेपर चुकला असं धरायचं.

गुरुवार

भरती झालो. (दवाखान्यात. ही कोटी नवऱ्याची.) वॉर्डात एकाच माणसाला राहायची परवानगी, ती मी.

रक्तपेढीने सांगितलं, सक्ती नाही, पण चार जणांनी रक्त दिलं तर बरं. मंडळाच्या पोरांना फोन गेला. सकाळपासून पाऊस धो धो, श्रावण शुद्ध द्वितीया. नवऱ्याने बोटांवर मोजलं, दीड वाजता पूर्ण भरती. ह्या दिवसांतली भरती साडेचार मीटरच्या वर जाते, पालिका तारखा आधीच जाहीर करते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की शहरातलं पाणी समुद्रात जात नाही, आणि परळजवळचा हिंदमाता भाग तुंबतो हे टीव्हीमुळे देवबागलाही माहीत. त्याने पोरांना फर्मावलं, "अकराच्या आत येवा, नायतर चारानंतर. मधी येव नको."

पोरं साडेदहाला आली, चाराऐवजी सहा. एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं. दुसऱ्याने हातावर राजमुद्रा गोंदवून घेतलेली, ताजी. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त चालत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. तो इतका खट्टू झाला की बाहेर जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला. उरलेल्या चौघांचं झालं. दुपारी दीडच्या सुमाराला हिंदमाताला गुडघाभर पाणी असल्याची बातमी वॉर्डातल्या मोबाइलवर आली तेव्हा नवरा बाहेरच्या बाकावर बसून होता. खाली गेल्यावर मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी सर्जन आले. छातीचं हाड मध्ये उघडायचं, रक्त यंत्राकडे वळवायचं, हृदय थांबवायचं, भोकावर ठिगळ शिवायचं, हृदय पुन्हा चालू करायचं. यंत्र तेवढा वेळ हृदय-फुप्फुसाचं काम करतं. 1953 साली अमेरिकेत पहिल्यांदा असं यंत्र लावून जे ऑपरेशन यशस्वी झालं तेही एएसडीचंच होतं, एका अठरा वर्षांच्या मुलीचं, असं ते म्हणाले. हे ऐकून मला का कोण जाणे धीर आला. इतकं जुनं काम आहे म्हणजे हात बसलेले असणार.

नवऱ्याने एकच विचारलं, "ठिगळ कशाचा?" हृदयाभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं, त्याचाच तुकडा कापून घेतात. "म्हंजे तिचाच?" "तिचंच." मग त्याने सही केली.

रात्री सिस्टर आली आणि बायची नखं बघून कपाळाला हात लावला. जावेच्या मुलीने तिला नेलपॉलिश लावून दिली होती, गुलाबी, वर चमकी. भूल दिल्यावर बोटाला चिमटा लावतात, त्यातून रक्तातला प्राणवायू कळतो, रंगामुळे तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. सिस्टर कापूस आणि रिमूव्हर घेऊन बसली. एकेक नख पुसताना बायच्या ओठाचा कोपरा खाली खाली जात होता. हाताची दहा झाली, पायाची नऊ झाली. डाव्या पायाची करंगळी तशीच ठेवून सिस्टर म्हणाली, "ही माझ्या लक्षात आली नाही हं." करंगळीचं नख ते केवढं, तांदळाच्या कणीएवढं. त्यावर चमकीचे दोन ठिपके.

बारानंतर खाणं बंद. पाणी सकाळी सहापर्यंत चालेल म्हणाले. बाय झोपली, मी नाही.

शुक्रवार

आठला नेली. दरवाजापर्यंत मी, पुढे ती. स्ट्रेचरवर बसायला तिने नकार दिला, चालत गेली, हिरव्या झग्यात, भूलवाल्या डॉक्टरीणबाईंचा हात धरून. वळून बघितलं नाही. आम्हाला वाटलं होतं रडेल.

बाहेर बाक. आमच्यासारखे आणखी तीन जोडपी आईबाप. एक सोलापूरचे, एक उत्तर प्रदेशातले. तिसरे बोलले नाहीत. त्या बाकावर काय बोलतात? किती किलोची, कितवीत, आधी कुठे दाखवलं. नंतर तेही संपतं. उत्तर प्रदेशातल्या बाईने पिशवीतून भाजलेले चणे काढले, सगळ्यांच्या हातावर ठेवले. मी खाल्ले नाहीत, मुठीत धरून बसले, घामाने ओले झाले.

नवरा खिडकीपाशी. पाऊस चालूच. "आज तृतीया. सव्वादोन," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, आता कोण यायचंय रक्त द्यायला? तो म्हणाला, मोजूक काय जाता.

साडेबाराला सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात. हृदय पाऊण तासाच्या आत पुन्हा चालू केलं, भोक पूर्ण बंद, आतूनच इको करून बघितलं, गळती नाही. आता अतिदक्षता विभागात. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते पुढच्या जोडप्याकडे वळलेसुद्धा. एक वाजता काचेतून दाखवली. तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, बाजूला सहा-सात पंप. ओळखू येत नव्हती. मी पांघरुणाबाहेर आलेल्या पायाकडे बघितलं. करंगळीवर चमकी होती. तीच होती.

नवऱ्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "भरती होवच्या आधी भायर इली," म्हणाला, आणि जिन्यात जाऊन रडला. मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं, ते सासऱ्यांच्या वेळी सोडून.

शनिवार, रविवार

शनिवारी नळी काढली. पहिला शब्द "पाणी", दुसरं वाक्य, "माजी दाढ खंय आसा?" कंपासपेटीत आहे म्हटल्यावर परत झोपली. अतिदक्षता विभागात आम्हाला पाच पाच मिनिटं सोडायचे, तीही पायावर कव्हर, डोक्यावर टोपी घालून. ह्याबद्दल लिहिण्यासारखं जास्त नाही; यंत्रं टीं टीं करतात आणि आपण त्यांच्याकडे बघतो.

रविवारी नागपंचमी, आणि ती वॉर्डात आली. जावेने हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणल्या. बायला अजून पथ्याचं, म्हणून मी आणि सिस्टरनी खाल्ल्या. हळदीच्या पानाचा वास वॉर्डभर गेला आणि शेवटच्या खाटेवरची पेणची आजी उठून आली.

पुढचे दिवस

सगळ्यांत कठीण काम खोकायचं. छाती शिवलेली, खोकल्यावर दुखतं, दुखतं म्हणून मूल खोकत नाही, आणि खोकलं नाही की फुप्फुसात कफ साठतो. फिजिओच्या बाईंनी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. सोलापूरच्या मुलाची दोन उडाली. झालं, ईर्ष्या लागली. मंगळवारी तिने तिन्ही उडवल्या आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं.

खोकताना छातीवर उशी घट्ट धरायची. मंडळाच्या खोलीतली एक छोटी उशी आणली होती, तिला अजून जुन्या ट्रंकेचा वास येत होता.

शनिवारी घरी सोडलं. सोडताना नियम सांगितले, त्यातला एक सगळ्यांनी ऐकावा. असं ऑपरेशन झालेल्या मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, सहा ते आठ आठवडे. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते जुळून यायला वेळ लागतो. एक हात पाठीमागे, एक हात ढुंगणाखाली, असंच उचलायचं. आणि कोणीही हाताला धरून ओढायचं नाही.

रविवार

परतीची तुतारी, खालचा बर्थ. शेजारच्या काकांनी प्रेमाने, "ये गो बाय, वर बसवतंय तुका," म्हणत हात पुढे केले, आणि बाय ओरडली, "काखेत नाय! ढुंगणाखाली!" अख्खा डबा हसला. काकांनी नियम नीट समजावून घेतला आणि कणकवलीला उतरेपर्यंत आणखी दोघांना समजावला.

घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, दाढ कौलांवर टाकली. नारळी पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर. नवरा पिशव्या ओसरीवर ठेवून सरळ होडीकडे गेला.

पुन्हा दाखवायला तीन आठवड्यांनी बोलावलंय. डॉक्टरांनी तारीख काढली ती नेमकी गणपतीच्या दोन दिवस आधीची. मी म्हटलं, "गणपती आहेत हो आमच्याकडे." ते म्हणाले, "म्हणून तर आधी बोलावतोय, एका दिवसात सोडतो." जायचं तिकीट लगेच मिळालं, त्या दिवसांत कोकणातून मुंबईकडे जाणार कोण? परतीचं मात्र कसलं मिळतंय. साठ दिवस आधी खिडकी उघडते आणि चाकरमानी ती मिनिटांत संपवतात. आमचं वेटिंग तीन आकडी आहे. मंडळाच्या पोरांनी लालबागहून ग्रुप बुकिंगची एसटी ठरवली आहे, तिच्यातल्या पुढच्या तीन सीट आमच्यासाठी राखून ठेवल्यात, चाकावर न येणाऱ्या. टॅटूवाला मुलगा बायच्या शेजारी बसणार आहे, कोणी काखेत हात घालू नये म्हणून. गाडीत रात्रभर भजन असतं, डबलबारी. ते तिला चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.